एका नावाची दोन जहाजे आणि ‘अ‍ॅग्री’ हे क्रियापद

सुरती कापसाच्या १२५ गाठी, प्रत मध्यम धोलेरा, माल मुंबईहून ‘पीअरलेस’ जहाजाने येणार, खरेदीदाराने तो धक्क्यावरून उचलायचा आणि पौंडाला सव्वासतरा पेन्स या भावाने ठरलेल्या मुदतीत पैसे चुकते करायचे. लिव्हरपूलमध्ये झालेला हा सौदा एवढ्या चारदोन कलमांत मावतो. तरीही ‘राफल्स विरुद्ध विचेलहाउस’ या नावाने १८६४ साली इंग्लंडच्या कोर्ट ऑफ एक्स्चेकरपुढे आलेले त्याचे प्रकरण आजही करारकायदा शिकवताना हमखास घेतले जाते.

कायद्याचा मजकूर मराठीत आणणे आणि तो कसा आणावा हे शिकवणे, हे माझे रोजचे काम आहे. त्यामुळे या प्रकरणाकडे मी भाषांतरकाराच्या नजरेने पाहत आलो आहे, आणि त्या नजरेला त्यात सर्वांत आधी दिसते ते एक क्रियापद. दाव्याच्या अर्जाची सुरुवातच ‘इट वॉज अ‍ॅग्रीड’ या शब्दांनी होते, म्हणजे वादी आणि प्रतिवादी यांच्यात पुढीलप्रमाणे ठरले होते. आणि त्याच वाक्यात पुढे, पैसे देण्याच्या मुदतीविषयी, ‘अ‍ॅग्रीड अपॉन’ असा प्रयोग येतो. वरवर पाहता भांडण जहाजावरून आणि कापसावरून झाले. माझ्या मते ते या पहिल्याच वाक्यातला ‘अ‍ॅग्रीड’ हा शब्द खरा होता की नाही, यावरून झाले.

समुद्रावरचा माल

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्या ज्याच्यावर चालत तो अमेरिकी कापूस आटला. गिरणीवाले हिंदुस्थानकडे वळले. लिव्हरपूलच्या बाजारात पश्चिम हिंदुस्थानच्या कापसाला सरसकट ‘सुरत’ म्हणत, जरी त्यात खंभातच्या आखातावरील धोलेऱ्याचा, भडोचचा आणि आपल्या वऱ्हाडातून येऊन अमरावतीच्या नावाने विकला जाणारा कापूसही असे. मुंबईत या तेजीने किती पैसा आणला याची एक खूण आजही उभी आहे: कापसाच्या व्यापारात मोठे झालेल्या प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने, मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर बांधला गेला. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि हा सगळा बाजार कोसळला.

आपल्या सौद्यासाठी यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला. त्याआधी मुंबईहून निघालेल्या शिडाच्या जहाजाला आफ्रिकेला वळसा घालून लिव्हरपूल गाठायला चारेक महिने लागत. मुंबई आणि लंडन यांच्यात १८६५ पर्यंत थेट तारसेवाही नव्हती. साहजिकच लिव्हरपूलचा व्यापारी जो माल विकत होता तो त्याने पाहिलेला नसे, माल त्या वेळी कोठे आहे हेही त्याला नेमके ठाऊक नसे, आणि घेणारा त्या मालाचे पैसे उद्याच्या बाजाराचा अंदाज बांधून मोजत असे. अशा ‘येणाऱ्या मालाच्या’ सौद्यात जहाजाचे नाव हीच मालाची ओळख असते. जहाज कोणते हे कळले की माल साधारण कधी धक्क्याला लागणार हे कळते, आणि भाव रोज हलणाऱ्या बाजारात माल कधी येणार याच्यावर नफा की नुकसान हे अवलंबून असते.

मुंबईहून ‘पीअरलेस’ नावाची दोन जहाजे निघाली होती, एक ऑक्टोबरमध्ये आणि दुसरे डिसेंबरमध्ये. ‘पीअरलेस’ म्हणजे अजोड, बिनजोड. आणि जहाजांना हे नाव ठेवण्याची हौस त्या काळी बऱ्याच मालकांना होती.

न्यायालयात काय झाले

विक्रेत्याने, म्हणजे वादीने, डिसेंबरमध्ये निघालेल्या ‘पीअरलेस’मधून आलेल्या १२५ गाठी देऊ केल्या. खरेदीदारांनी तो माल घेण्यास आणि पैसे देण्यास नकार दिला. त्यांचा बचाव असा होता की करारात लिहिलेले ‘पीअरलेस’ म्हणजे ऑक्टोबरमध्ये निघालेले जहाज असेच आम्ही धरले होते. त्या जहाजातला माल वादीने आम्हाला कधी देऊच केला नाही, आणि जो देऊ केला तो त्याच नावाच्या भलत्याच जहाजातून आलेला होता. यावर वादीने साक्षीपुराव्यात न शिरता कायद्याचा मुद्दा उपस्थित केला: प्रतिवादी म्हणतात ते सगळे खरे धरले तरी तो बचाव होऊ शकत नाही. त्यामुळे न्यायालयापुढे प्रश्न एवढाच उरला, की दोघांच्या मनात दोन जहाजे होती हे गृहीत धरल्यास करार उभा राहतो की नाही.

वादीचे वकील मिलवर्ड यांचा युक्तिवाद मला आजही वजनदार वाटतो. सौदा विशिष्ट प्रतीच्या कापसाचा आहे आणि तसा कापूस द्यायला आम्ही तयार आहोत. तो ‘पीअरलेस’ नावाच्या जहाजाने आला म्हणजे पुरे, ते जहाज कोणते याला महत्त्व नाही. ‘पीअरलेसमधून येणार’ या शब्दांचा अर्थ इतकाच, की जहाज वाटेत बुडाले तर सौदा संपला. शिवाय, करार लेखी आहे, त्यात फसवणुकीचा आरोप नाही, आणि मनातला हेतू करार करताना बोलून दाखवला नसेल तर नंतर तो सांगून उपयोग नाही.

मुख्य न्यायाधीश पोलॉक यांनी त्यांना मधेच थांबवून विचारणा केली. ‘अ’ गोदामातल्या मालाचा करार असेल, तर ‘ब’ गोदामातला तशाच प्रतीचा माल देऊन तो पुरा झाला असे म्हणता येईल का? स्पेनमधल्या किंवा फ्रान्समधल्या एखाद्या मळ्याच्या नावाने दारू विकत घेतली आणि त्या नावाचे दोन मळे निघाले, तर हे प्रकरण त्यासारखेच नाही का? न्यायमूर्ती मार्टिन यांनी तर सरळच सांगितले, की प्रतिवादीने जो करार केला त्याहून वेगळा करार त्याच्यावर लादला जात आहे. प्रतिवादीच्या बाजूने मेलिश उभे राहिले आणि त्यांनी थोडक्यात मांडणी केली: करारावर नजर टाकली तर त्यात संदिग्ध असे काही दिसत नाही, पण त्या नावाची दोन जहाजे मुंबईहून निघणार होती हे समोर येताच दडलेली संदिग्धता उघडी पडते, मग कोणाच्या मनात कोणते जहाज होते याचा तोंडी पुरावा देता येतो, आणि दोघांच्या मनात वेगवेगळी जहाजे असतील तर एकाच गोष्टीवर दोघांचे एकमत झालेलेच नाही, म्हणून बंधनकारक करारही नाही. एवढ्यावर न्यायालयाने त्यांनाही थांबवले आणि निकाल प्रतिवादींच्या बाजूने दिला. निकालाला कारणे जोडलेली नाहीत. जे काही आहे ते युक्तिवादाच्या ओघात न्यायाधीशांनी विचारलेल्या प्रश्नांत आहे.

कारणे न दिल्यामुळे पुढच्या पिढ्यांना ती शोधावी लागली. अमेरिकी न्यायविद ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८८१ मध्ये असे प्रतिपादन केले, की दोघांच्या मनात वेगळे होते हे निकालाचे खरे कारण नसून दोघांनी उच्चारलेल्या नावांनी दोन वेगळ्या वस्तू दाखवल्या हे आहे. एकाने एक वस्तू देऊ केली, दुसऱ्याने दुसऱ्याच वस्तूला होकार दिला. इंग्लंडमध्येही १८७१ च्या ‘स्मिथ विरुद्ध ह्यूज’ या ओट्सच्या खटल्यानंतर असे धरले जाऊ लागले, की माणसाच्या मनात काहीही असो, त्याच्या बोलण्यावागण्यावरून समजूतदार माणसाने जो अर्थ घेतला असता तो त्याला बांधून ठेवतो. ‘पीअरलेस’चे प्रकरण त्या कसोटीतूनही तगते, कारण कितीही समजूतदार माणसाला नुसत्या नावावरून ऑक्टोबर की डिसेंबर हे सांगता आले नसते.

एका क्रियापदाची तीन अव्यये

आता क्रियापदाकडे. ‘अ‍ॅग्री’ हा शब्द फ्रेंचमधून चौदाव्या शतकात इंग्रजीत आला, आणि त्याच्या मुळाशी ‘मनास येणे, रुचणे’ हा अर्थ आहे. आज मात्र तो एकटा क्वचितच बोलतो. त्याच्यामागून येणारे छोटे अव्यय त्याचा अर्थ ठरवते. ‘अ‍ॅग्री विथ’ माणसाशी किंवा मताशी जोडले जाते: तुमचे म्हणणे मला पटते. ‘अ‍ॅग्री टू’ प्रस्तावाशी, अटीशी किंवा मागणीशी जोडले जाते: तुमची अट मला मान्य आहे, मग ती मला पटलेली असो वा नसो. ‘अ‍ॅग्री ऑन’ किंवा औपचारिक भाषेतले ‘अ‍ॅग्री अपॉन’ यांना मात्र किमान दोन माणसे आणि त्यांच्यामध्ये एक गोष्ट लागते: तारीख ठरली, भाव ठरला. आणखी एक ‘अ‍ॅग्री दॅट’ आहे, ज्याच्यामागून अख्खे वाक्य येते. त्यात दुसऱ्याने मांडलेली बाब खरी असल्याचे आपण मान्य करतो. इंग्लंडच्या व्यापारी आणि सरकारी लिखाणात अव्ययाशिवाय थेट ‘अ‍ॅग्री द प्राइस’ असेही लिहितात, आणि आपल्याकडच्या विद्यार्थ्याला ते चूक वाटते; ते चूक नाही.

मराठीने हे काम अव्ययांवर टाकलेले नाही, तर प्रत्येक अर्थाला स्वतंत्र क्रियापद दिले आहे, आणि मला हे आपल्या भाषेचे मोठे धन वाटते. मत पटते, अट मान्य असते किंवा कबूल केली जाते, मुहूर्त ठरतो, हिशेब जुळतो, आणि कोकणातून घाटावर आलेल्या माणसाला हवा मानवत नाही. हिशेब जुळणे आणि हवा मानवणे यांनाही इंग्रजीत ‘अ‍ॅग्री’च लागते. यात ‘कबूल’ जरा जपून वापरावे, कारण मराठीत अटही कबूल होते आणि गुन्हाही कबूल होतो. एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे: ‘मला पटले’, ‘मला मान्य आहे’, ‘आमचे ठरले’ या वाक्यांत माणूस कर्ता नाही, पटते, मान्य असते किंवा ठरते ती गोष्ट. इंग्रजीत माणूस बहुधा पुढे उभा असतो आणि ‘अ‍ॅग्री’ करतो.

या अंतरातून एक चूक जन्मते, जी कार्यालयीन पत्रांत मी आठवड्याला एकदा तरी दुरुस्त करतो. मराठी मनात ‘मी सहमत आहे’ हे वाक्य असते; त्यात ‘सहमत’ हे विशेषण आणि ‘आहे’ हे क्रियापद. विशेषणाच्या जागी ‘अ‍ॅग्री’ आणि ‘आहे’च्या जागी ‘अ‍ॅम’ बसवले की ‘आय अ‍ॅम अ‍ॅग्री’ तयार होते. इंग्रजीत ‘अ‍ॅग्री’ हे स्वतःच क्रियापद असल्यामुळे ‘आय अ‍ॅग्री’ एवढेच पुरते. ‘वी आर अ‍ॅग्रीड’ हा प्रयोग मात्र शुद्ध आहे, औपचारिक आहे, आणि तो अनेकजण मिळून एका निर्णयाला आले की वापरतात.

दुसरी चूक भाषांतरकारांची, म्हणजे आमची आहे, आणि ती अधिक गंभीर आहे. संगणकावर किंवा मोबाइलवर कोणतीही सेवा घेताना लांबलचक अटींच्या तळाशी जे बटण असते, त्यावर मराठीत बहुधा ‘मी सहमत आहे’ असे लिहिलेले असते. तिथे इंग्रजीत अभिप्रेत आहे ते ‘अ‍ॅग्री टू’, म्हणजे अटी मान्य करणे. त्या अटी वापरणाऱ्याला पटल्या आहेत का, हे कोणी विचारलेले नसते. ‘सहमत’ या शब्दाने त्याच्या तोंडी एक मत घातले जाते, जे त्याने दिलेले नाही. ‘अटी मान्य आहेत’ एवढे शब्द तिथे अचूक बसतात आणि जागाही कमी घेतात.

या तीन प्रयोगांची कसोटी ‘पीअरलेस’च्या सौद्याला लावली की प्रकरण फार स्वच्छ दिसते. खरेदीदारांनी प्रस्तावाला ‘अ‍ॅग्री टू’ केले होते का? केले होते, कागदावरचे शब्द दोघांनी स्वीकारले होते आणि ते कोणी नाकारलेही नाही. मिलवर्ड यांचा सगळा युक्तिवाद या एका अर्थावर उभा आहे. प्रत, संख्या, भाव, माल उचलण्याची जागा यांवर ‘अ‍ॅग्री ऑन’ झाले होते का? तेही झाले होते. जहाजाबाबत मात्र दोन माणसे होती, पण त्यांच्यामध्ये एक गोष्ट नव्हती. एक नाव होते आणि त्या नावामागे दोन वस्तू होत्या. ‘अ‍ॅग्री ऑन’ला जी एक वस्तू लागते तीच तिथे हजर नव्हती.

माझ्या घरासमोर एकदा असेच घडले. पुस्तकांची चार कपाटे वडगाव बुद्रुकला पोहोचवायची होती. टेम्पोवाल्याशी फोनवर बोलणे झाले: चार कपाटे, दोन हमाल, सकाळी नऊला, ‘वडगावला’. भाडेही ठरले. कपाटे टेम्पोत चढल्यावर त्याने विचारले, “साहेब, नगर रोडनेच घेऊ ना?” तेव्हा माझ्या लक्षात आले की हा वडगाव शेरीला निघाला आहे. पुण्याभोवती वडगाव बुद्रुक आहे, वडगाव खुर्द आहे, वडगाव शेरी आहे आणि पलीकडे वडगाव मावळही आहे. त्याचे चुकले नव्हते, माझेही चुकले नव्हते. भाडे मान्य करताना दोघेही खरेच बोलत होतो. आम्ही रस्त्यावर उभे राहून पुन्हा ठरवले, या वेळी सिंहगड रोडच्या खुणेसकट, आणि भाडेही नव्याने ठरले. आमचे चार मिनिटांत निभावले, कारण विचारायला समोर माणूस होता; मुंबईहून चार महिन्यांच्या अंतरावर असलेल्या कापसाला ही सोय नव्हती.

कलम १३ चे मराठी

निकालानंतर आठ वर्षांनी, १८७२ मध्ये, भारतीय करार कायदा आला. त्याच्या १३ व्या कलमात संमतीची व्याख्या आहे. शब्दशः आशय असा: दोन किंवा अधिक व्यक्ती एकाच गोष्टीवर एकाच अर्थाने ‘अ‍ॅग्री’ करतात तेव्हा त्यांनी संमती दिली असे म्हणतात. ‘एकाच गोष्टीवर’ म्हटल्यावर ‘एकाच अर्थाने’ हे शब्द कशाला हवेत, असा प्रश्न ज्याला पडेल त्याने ऑक्टोबरचे आणि डिसेंबरचे जहाज आठवावे. कागदावर गोष्ट एकच होती; अर्थ दोन होते.

हे कलम मी दरवर्षी भाषांतराच्या वर्गात देतो, आणि दरवर्षी बहुतेक वह्यांत एकच वाक्य येते: ‘दोन किंवा अधिक व्यक्ती एकाच गोष्टीबाबत एकाच अर्थाने सहमत होतात तेव्हा त्यांनी संमती दिली असे म्हणतात.’ व्याकरणात खोट नाही. पण ‘संमती’ आणि ‘सहमत’ हे दोन्ही शब्द एकाच धातूचे, मनाशी नाते सांगणारे. एकाची व्याख्या दुसऱ्याने केली की वाचणारा जिथून निघाला तिथेच परत येतो. इंग्रजी कलमात तसे होत नाही, कारण तिथे ‘कन्सेंट’ हा एक शब्द आहे आणि ‘अ‍ॅग्री अपॉन’ हा दुसरा, रोजच्या बोलण्यातला. व्याख्येने अवघड शब्द सोप्या शब्दाने उलगडायचा असतो. मराठीतला तो सोपा शब्द ‘ठरणे’ आहे असे माझे मत आहे, आणि ते मी वर्गात मांडतो.

बोलीत ‘अ‍ॅग्रीमेंट’ हा शब्द आपण कागदासाठी राखून ठेवला आहे, हेही इथे आड येते. ‘अ‍ॅग्रीमेंट झाले’ म्हणजे स्टॅम्प लागला, सह्या झाल्या, घराच्या भाड्याचा करार नोंदवला गेला. १८७२ च्या कायद्यात मात्र ‘अ‍ॅग्रीमेंट’ म्हणजे परस्परांना दिलेली वचने, आणि त्यातले जे कायद्याने अमलात आणता येते ते ‘कॉन्ट्रॅक्ट’. वाणिज्य शाखेच्या मराठी पुस्तकांत यासाठी ‘ठराव’ आणि ‘करार’ अशी जोडी भेटते. ‘ठराव’ हा शब्द ग्रामसभेमुळे आणि सोसायटीच्या सभांमुळे दुसऱ्या अर्थाने रुळला असला, तरी त्याच्या पोटात ‘ठरणे’ आहे, आणि कायद्याला नेमके तेच हवे आहे.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने माझ्या या मताला हरकत घेतली. तिचे म्हणणे असे, की इंग्रजी कलमात व्यक्ती कर्ता आहेत, त्या काहीतरी करतात. ‘ठरते’ म्हटले की कर्ता गोष्ट होते आणि माणसे बाजूला पडतात, मग संमती कोणी दिली? हरकत योग्य होती. मी तिला दाव्याच्या अर्जातले ‘इट वॉज अ‍ॅग्रीड’ दाखवले, जिथे इंग्रजीनेही माणसे मागे ठेवून ठरलेली गोष्ट पुढे आणली आहे. त्यावर ती म्हणाली, “सर, पण तिथेच तर गडबड झाली. ठरले असे लिहिले आणि ठरले नव्हते.” मग तिने फळ्यावर एक ओळ लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली, आणि तासाच्या शेवटी वर्गाने जे वाक्य वहीत उतरवून घेतले ते तिचे आहे: ‘दोन किंवा अधिक व्यक्ती आपसात एकच गोष्ट एकाच अर्थाने ठरवतात, तेव्हा त्यांनी संमती दिली असे म्हणतात.’ माझे ‘ठरते’ तिने ‘ठरवतात’ केले, माणसे पुन्हा कर्त्याच्या जागी आणली, आणि ‘आपसात’ हा इंग्रजीत नसलेला शब्द घातला. मी तो ठेवला आहे.